काळे ठिपके, छोटे झेंडे

हे स्क्रीनवर चौकटीच्या वहीचं पान दिसतंय ना, ते अमेरिकेतलं आयोवा आहे. मिडवेस्टचा, म्हणजे देशाच्या मधल्या-उत्तरेकडच्या भागाचा, जुना टोपो नकाशा, म्हणजे जमिनीचे चढउतारही दाखवणारा. रस्ते सगळे सरळ आणि काटकोनात, कारण 1785 च्या कायद्याने तिथली जमीन आधी कागदावर कापायची असं ठरलं, 6 बाय 6 मैलांची टाउनशिप, तिचे 36 सेक्शन, एक सेक्शन 640 एकरांचा, आणि मग तो तुकडा विकत घेऊन लोक राहायला आले. म्हणजे आधी मोजणी आणि मागून गाव!

जरा झूम करूया. हा काळा चौकोनी ठिपका म्हणजे घर. ठिपक्यावर क्रॉस असला तर चर्च, झेंडा असला तर शाळा. आता झेंडे बघा किती जवळजवळ आहेत, कारण पोरं चालत यायची. एकच खोली, एकच बाई आणि आठवीपर्यंतची सगळी पोरं तिथेच. पुढे स्कूल बस आल्या, शाळा एकत्र केल्या आणि नंतरच्या नकाशांतून झेंडे गळत गेले. मला तर अख्ख्या नकाशात हेच सगळ्यात बोलकं वाटतं, कंटूर-बिंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, नंतर.

अर्थात कंटूर काढणं पण खायचं काम नव्हतं. यूएसजीएसचे, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी भूसर्वेक्षण खात्याचे, लोक तिपाईवर बोर्ड ठेवून त्यावर कागद लावायचे, दुर्बिणीतून लांब धरलेल्या पट्टीवरचं माप वाचायचे आणि तपकिरी रेषा तिथेच उभ्या उभ्या हाताने काढायचे. नंतर विमानातून फोटो यायला लागले. जुन्या नकाशावर मधेच जांभळा रंग दिसला की समजायचं, हा बदल फोटो बघून टाकलाय, जागेवर जाऊन कोणी तपासलेला नाही.

आता आयोवातलीच डे मॉइन नदी. इथल्या लाल खडकांवरून 1842 च्या करारात सॉक आणि मेस्क्वाकी या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची हद्द धरली, तीही तीनच वर्षं, मग त्यांना तिथूनही हलवलं. त्याच खडकांवरून गावाचं नाव पडलं रेड रॉक. 1969 ला नदीवरचं धरण पूर्ण झालं, रेड रॉक पाण्याखाली गेलं, कॉर्डोव्हा गेलं, आजूबाजूच्या अजून वस्त्या गेल्या.

आज नकाशावर रेड रॉक शोधलं तर तलाव सापडतो. आणि कॉर्डोव्हा आता पार्कचं नाव आहे, तिथे एक उंच टॉवर आहे, वर चढलं की खाली पाणीच पाणी.