अक्कांचा माल वेळेत गेला

नमस्कार श्रोतेहो, आणि माझ्या मैत्रिणींनो.

यंदा आठ मार्चला आमच्या भिशीतल्या सगळ्या जणी मोर्चाला गेलो. सोलापुरात, कन्ना चौक ते सरकारी कचेरीजवळचं पूनम गेट, भर उन्हात, चालत. मागण्या तुमच्या ओळखीच्याच. विडी कामगारांना किमान वेतन, बोळाबोळांत रात्रीचे दिवे, बाजारात बायकांसाठी स्वच्छतागृह. ही शेवटची मागणी मी पहिली लिहिली असती. सकाळी घरातून निघालेली भाजीवाली दिवसभर पाणी का पीत नाही, हे ऐकणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे.

पण मला सांगायचंय ते अक्कांचं. अक्का आमच्या गल्लीतल्या, तेलुगू घरातल्या, साठी उलटलेल्या. जन्मभर विड्या वळल्या. मोर्चाला चला म्हटलं, तर म्हणाल्या, "येते गं, पण संध्याकाळी कारखान्यात माल द्यायचाय. हजार भरल्या नाहीत तर आजची मजुरी कोण देणार?"

आम्हांला वाटलं, आता काही येत नाहीत. चौकात बघतो तर अक्का हजर! काखेत सूप, पिशवीत तंबाखू, सूत, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली कापलेली तेंदूची पानं.

पूनम गेटला पोचलो. चार-पाच जणी निवेदन घेऊन आत गेल्या, बाकीच्या रस्त्यावर बसलो, भाषणं सुरू झाली. अक्कांनी मांडीवर सूप घेतलं आणि लागल्या वळायला. वाऱ्यानं तंबाखू उडायला लागली, तर दोघींनी बॅनरच आडवा धरला. शेजारी कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतल्या बायका बसल्या होत्या. विडी कामगार महिलांची ती दहा हजार घरं, २००६ साली चाव्या मिळाल्या, आणि त्याआधी किती मोर्चे निघाले ते सोलापूरला सांगायला नको. त्या बायकांनी काही विचारलं नाही. एकीनं पान उचललं, मग दुसरीनं, मग सगळ्यांनीच. कान भाषणाकडे, हात सुपात. मला वळता येत नाही, मी विड्यांचे कट्टे, म्हणजे जुड्या, बांधायला बसले.

बंदोबस्तावर एक तरुण महिला पोलीस होती. बराच वेळ आमच्याकडे बघत होती. मला वाटलं, आता उठवणार. ती वाकली आणि तेलुगूत म्हणाली, "अक्का, ही ढिली झाली. छाटात जाईल." छाट म्हणजे कारखान्यानं नापास करून बाजूला काढलेल्या विड्या.

अक्कांनी मान वर केली. "तुला गं काय कळतं यातलं?"

"माझी आई वळते. शाळेतून आल्यावर मीही वळायची. माझी फी त्यातूनच जायची."

अक्कांनी ती विडी तिच्या हातावर ठेवली. ड्यूटीवर होती, बसता येत नव्हतं. उभ्या उभ्याच तिनं सूत सोडलं, पान पुन्हा वळलं, तोंड दुमडलं, सूत गुंडाळलं. घट्ट, सरळ विडी! आम्ही टाळ्या वाजवल्या. बोलणाऱ्या ताई थांबल्या आणि माईक अक्कांपुढे आला. अक्का एवढंच म्हणाल्या, "लोक म्हणतात, घरात बसून विड्या करते. मी बसत नाही. मी कामाला बसते."

संध्याकाळी माल वेळेत गेला. एकही विडी छाटात निघाली नाही.

तर मैत्रिणींनो, १९६६ च्या विडी कामगारांच्या कायद्यानं हेच सांगितलं होतं. कारखान्यातून पान-तंबाखू घरी आणून वळणारी बाईही कामगारच. पुन्हा सांगते, घरी वळणारी बाईही कामगारच. बाळंतपणाचे लाभही त्या कायद्यानं तिला लागू केले होते. कारखान्याच्या पुस्तकावर आपलं नाव आहे का, बघा. सुनेच्या कामाची नोंद सासूच्या नावावर होत असेल, तर आजच बोला.

त्या रात्री आमच्या अंगणात कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. चटणी उखळात कुटलेलीच हवी, मिक्सरमध्ये शेंगदाण्याला तसं तेल सुटत नाही. आणि ती घरातल्या पुरुषांनी कुटावी, दंडात जोर असतो. आमच्याकडे आता तेच कुटतात.

पुढच्या मोर्चाला निघताना गल्लीतल्या बाईला नुसतं "चल" म्हणू नका. आधी विचारा, आज तुझं काम किती उरलंय? जे उरलं असेल ते वाटून घ्या. आणि घरात मारहाण होत असेल, तर १८१ हा महिलांचा मदत क्रमांक आहे. एक, आठ, एक. शेजारणीलाही सांगून ठेवा.