शंख उचलायच्या आधी

हा राधानगर बीच, स्वराज द्वीपवरचा, जुनं नाव हॅवलॉक. डिसेंबर महिना, पाच वाजून पाच मिनिटं झालीयेत आणि सूर्य बुडालासुद्धा. मुंबईत आत्ता ऊन असेल, लोक चहा घेत असतील. अंदमान म्यानमारच्या बाजूला, एवढं पूर्वेला, पण घड्याळ आपलंच, त्यामुळे संध्याकाळ अशी अचानक संपते.

इथले बीच लोक नंबरने ओळखतात. राधानगर म्हणजे सात नंबर, आमची रूम पाच नंबरला. गावांची नावं मात्र गोविंदनगर, कृष्णनगर, श्यामनगर, कारण फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबं इथे वसवली. जेवायला बसलं की मासे-भात आणि आजूबाजूला बंगाली.

आता पाच नंबरला या, टॉर्च खाली धरा आणि दोन मिनिटं अजिबात हलू नका.

दिसलं? वाळूतले शंख चालायला लागले. हे हर्मिट क्रॅब. या खेकड्याचं पुढचं अंग कडक असतं पण पोट एकदम मऊ, उघडं राहिलं तर तो वाळून मरेल नाहीतर कोणीतरी खाईल, आणि त्याला स्वतःला शंख बनवता येत नाही. शंख बनवते समुद्रातली गोगलगाय, ती मेली की रिकामा शंख लाटेबरोबर किनाऱ्याला लागतो आणि मग हा त्यात राहायला जातो. अंग वाढलं की मोठा शंख शोधायचा, पुन्हा वाढलं की पुन्हा शोधायचा, आयुष्यभर हेच. कधी कधी एखादा चांगला मोठा शंख सापडला की आसपासचे खेकडे जमतात, लहान-मोठे अशी रांग लागते, सगळ्यात मोठा नव्या घरात गेला की त्याचं जुनं घर मागचा घेतो, त्याचं त्याच्या मागचा, काही सेकंदांत अख्खी रांग शिफ्ट. आम्हाला ती रांग बघायला मिळाली नाही, खूप वाट बघितली.

आणि शंख नाही मिळाला तर? जगात बऱ्याच किनाऱ्यांवर हे खेकडे प्लास्टिकची झाकणं पाठीवर घेऊन फिरताना सापडलेत. तो फोटो एकदा बघितला की डोक्यातून जात नाही.

सकाळी आम्ही रॉस बेटावर होतो, आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ब्रिटिशांचं मुख्यालय होतं हे, आता चर्चच्या भिंतींना झाडांच्या मुळांनी घट्ट धरलंय आणि मधून चितळ फिरतात, अगदी जवळ येतात, सगळे फोटो काढत होते. चितळ इथलं नाही, ब्रिटिशांनी आणलं. अंदमानात त्याला खाणारा वाघ-बिबट्या नाही, ते पोहत दुसऱ्या बेटांवरही पोचलं आणि जंगलातली कोवळी रोपं खात सुटलं, म्हणजे पुढचं जंगल उगवायलाच अडचण. हत्तीही असेच लाकूड ओढायला आणलेले, त्यातला राजन, समुद्रात पोहणारा, इथे स्वराज द्वीपवर २०१६ मध्ये गेला. बेट लहान असतं हो, तिथे एक गोष्ट आणून टाकली किंवा एक गोष्ट उचलून नेली तरी फरक पडतो.

म्हणून शंखाचं एवढं सांगतोय. इथून शंख-शिंपले, प्रवाळ उचलून न्यायला बंदी आहे, एअरपोर्टवर बॅगा तपासतात. पण भीती एअरपोर्टची नको. तुमच्या शोकेसमध्ये जो शंख धूळ खात पडेल ना, तो इथे कोणाचं तरी पुढचं घर आहे.

आमच्या ग्रुपमधल्या एका छोटीने दुपारी एक मोठा पांढरा शंख उचलला होता, आतून गुलाबी, खूप सुंदर. रात्री टॉर्चच्या उजेडात हे सगळं बघितलं आणि ती काही न बोलता रूमवर गेली, शंख घेऊन आली आणि केवड्याच्या मुळांपाशी ठेवला, तोंड वर करून, म्हणजे त्यांना आत बघता येईल.

सकाळी त्या वाळूवर सगळीकडे बारीक बारीक पावलांच्या रेघा होत्या.