ठरलेल्या वारी येणारा माणूस

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

हाणामारीच्या वाटेला लागलेल्या मुलांसाठी समाजातल्या वडीलधाऱ्यांनी काय करावे, हा विषय मला दिला आहे. अमळनेरात उभे राहून या विषयावर बोलणे सोपेही आहे आणि अवघडही. सोपे अशासाठी की १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी येथे शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळत होते. अवघड अशासाठी की आपण गुरुजींचे अश्रू तेवढे लक्षात ठेवले आणि त्यांचे वेळापत्रक विसरलो. मुलांसाठी रोज हाताने दैनिक लिहून काढणारा आणि आजारी मुलाच्या उशाशी बसणारा तो माणूस मुलांना रोज दिसत असे. त्यांच्या प्रेमाविषयी आपण पुष्कळ बोलतो, त्या ‘रोज’विषयी फारसे बोलत नाही.

आता माझी जुनी तक्रार सांगतो. संयोजकांना ती पाठ आहे, तरीही त्यांनी मला बोलावले, तेव्हा दोष त्यांचा. काही वर्षांपूर्वी आमच्या गावी विसर्जनाच्या मिरवणुकीत पोरांमध्ये चाकू निघाला. सुदैवाने कोणी दगावले नाही. पंधरा दिवसांच्या आत एका संस्थेने ‘संस्कार शिबिर’ जाहीर केले. चौकात फलक लागला, त्यावर अकरा मान्यवरांचे फोटो होते आणि मुलगा एकही नव्हता. तीन गल्ल्यांतली चाळीस ‘वाया गेलेली’ पोरे पोलीस पाटलांकरवी गोळा करण्यात आली. दुपारी वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी होती. ती उत्तम होती, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. जेवणानंतर एका वक्त्याने क्रोधावर चाळीस मिनिटे व्याख्यान दिले. तो वक्ता मीच होतो. पहिल्या रांगेतला मुलगा सातव्या मिनिटाला झोपला आणि उरलेल्यांनी माझ्यापेक्षा त्याच्याकडे अधिक आदराने पाहिले.

खरी गंमत पुढेच आहे. सकाळपर्यंत या तीन गल्ल्यांतल्या मुलांची एकमेकांशी ओळख नव्हती. संध्याकाळी घरी जाताना त्यांचा व्हॉट्सॲपवर गट तयार झाला होता. पुढे एका ‘भाऊ’च्या वाढदिवसाला तलवारीने केक कापला गेला, तेव्हा भोवती उभी असलेली निम्मी पोरे आमच्या शिबिराची होती. आम्ही त्यांची भरती करून दिली होती.

हे आमच्याच गावाचे करंटेपण, असे मी बरीच वर्षे समजत होतो. मग अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातला एक जुना प्रयोग वाचनात आला. केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांत १९३९ ते १९४५ या काळात मुलांच्या जोड्या लावून, नाणे उडवून प्रत्येक जोडीतल्या एकाला समुपदेशक, शिकवणी, वैद्यकीय मदत आणि उन्हाळी शिबिरे देण्यात आली. दुसऱ्याला काहीच दिले नाही. संशोधक जोन मॅकॉर्ड यांनी तीसेक वर्षांनी या मुलांचा माग काढला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांपैकी बहुतेकांना तो काळ आपुलकीने आठवत होता. पण मदत न मिळालेल्यांच्या तुलनेत दारू, आजार आणि अकाली मृत्यू त्यांच्याच वाट्याला अधिक आले होते. पुढच्या विश्लेषणात असे दिसले की ज्यांना एकापेक्षा अधिक वेळा उन्हाळी शिबिराला पाठवले होते, त्यांची स्थिती विशेष वाईट होती. बिघडू पाहणारी मुले एकत्र कोंबली, तर ती एकमेकांचीच शिकवणी घेतात.

शिकागोतला एक उपक्रम मात्र मला आवडतो. त्यात दोन मुलांची जोडी करून एकाच्या हातात चेंडू देतात आणि दुसऱ्याला तो तीस सेकंदांत मिळवायला सांगतात. जवळजवळ सगळेच झटापट करतात. मी हा खेळ आमच्या तालमीत करून पाहिला. दोन पैलवान लाल मातीत लोळले, एकाची बनियन फाटली, वस्ताद माझ्यावर चिडले. शेवटी मी विचारले, ‘नुसता मागितला असता तर?’ त्यावर चेंडूवाला धापा टाकत म्हणाला, ‘मांगाच नही ना भो!’ क्रोधावरच्या माझ्या चाळीस मिनिटांत जे आले नाही, ते या चार शब्दांत आले. शिकागोत हा उपक्रम चालू असताना मुलांच्या हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका जवळजवळ निम्म्याने घटल्या. तो संपल्यावर मात्र अटकांवरचा परिणाम टिकल्याचे दिसले नाही.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटे उरली आहेत आणि जाहीर केलेला विषय अजून शिल्लक आहे, म्हणून आता भराभर सांगतो.

एका मुलामागे एक प्रौढ माणूस असावा. त्याने आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, किमान वर्षभर भेटावे. तो पदवीधर असण्याची गरज नाही. भुसावळचा निवृत्त रेल्वे फिटर, गॅरेजवाला, केळीच्या बागेतला मुकादम चालेल. हाताला काम असले की बोलणे आपोआप निघते. समोरासमोर बसवून ‘मन मोकळे कर’ म्हटले, तर खानदेशातला पोऱ्या चपलेकडे पाहतो. माणूस निवडताना मात्र चौकशी कडक हवी: पालकांची संमती घ्यावी, भेट उघड्या जागी व्हावी, पैशांचा व्यवहार नसावा.

प्रकरण आधीच बाल न्याय मंडळापर्यंत गेले असेल, तर परिविक्षा अधिकाऱ्याला, म्हणजे अशा मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याला, भेटावे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार मंडळ मुलाला चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर पालकांच्या किंवा ‘योग्य व्यक्ती’च्या देखरेखीखाली सोडू शकते, या तरतुदीचा उपयोग करून घेण्यासाठी गावात अशी माणसे तयार असायला हवीत. त्याच कायद्याने अशा मुलाची ओळख उघड करण्यास मनाई आहे, म्हणून सत्काराचा फोटो आणि फलक दोन्ही बाद.

शेवटचा मुद्दा मुलाला मध्येच सोडून जाण्याचा. अमेरिकेतल्याच एका अभ्यासात, तीन महिन्यांच्या आत ज्यांचे मार्गदर्शक निघून गेले, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास आधीपेक्षा खालावलेला आढळला. तेव्हा वर्षभर जमणार नसेल, तर सुरुवातच करू नये. मध्येच बदली झाली, तर मुलाला दोन महिने आधी सांगावे, पुढच्या माणसाला सोबत घेऊन चार भेटी कराव्यात आणि मगच गाव सोडावे. उरलेले प्रश्नोत्तरांत घेऊ. चिठ्ठी पुन्हा आली आहे.