कालनिर्णयातले श्वास

(दृश्य : स्वयंपाकघराची भिंत. कालनिर्णय, जूनचं पान. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

दुधाचा हिशेब बहुतेक घरांत कालनिर्णयावरच असतो. गॅसचा नंबर लावल्याची तारीख असते, संकष्टीभोवती गोल असतो. कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीतल्या या घरात दुधाच्या आकड्याखाली, लाल पेनानं, आणखी एक आकडा आहे. २२. २४. २३. २२. आणि मग एका गुरुवारी ३४.

हे चिंगी या म्हाताऱ्या कुत्रीचे श्वास आहेत. गाढ झोपेतले, एका मिनिटाचे.

(दृश्य : चटईवर झोपलेली चिंगी. बरगड्या वरखाली होतायत. आवाज फक्त पंख्याचा. हा शॉट पूर्ण तीस सेकंद राहू द्यावा.)

छाती वर गेली आणि खाली आली, की एक. तीस सेकंद मोजायचे आणि दुप्पट करायचे. शांत झोपलेल्या कुत्र्याचा आकडा तीसच्या आत राहतो. तो तीसच्या वर जाऊन तिथेच राहिला, तर हृदय थकून फुप्फुसात पाणी भरायला लागल्याची ती सुरुवात असू शकते. यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही. चिंगीला सांभाळणाऱ्या काकूंच्या भिंतीवर सेकंदकाट्याचं जुनं घड्याळ आहे, त्यावर त्यांचं काम भागतं.

चिंगी तेरा वर्षांची आहे. घरात तिला पॉमेरियन म्हणतात. पुण्यात पॉमेरियन म्हणून वाढलेली बरीचशी कुत्री खरं तर इंडियन स्पिट्झ असतात, चिंगीही त्यातलीच. अंगावर भरपूर केस, आणि केस ओले झाले की खाली एवढीशी कुडी. वजन साडेपाच किलो.

(दृश्य : स्टेथोस्कोपला माइक लावून घेतलेला हृदयाचा आवाज. आधी निरोगी कुत्र्याचा, मग चिंगीचा.)

दोन्ही आवाज नीट ऐका. पहिला लब-डब, लब-डब. दुसऱ्यात लब आणि डबच्या मधे फुस्स असा एक आवाज आहे. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधे मायट्रल नावाची झडप असते. लहान जातींच्या कुत्र्यांत उतारवयात ही झडप जाड होते, तिच्या कडा गुठळल्यासारख्या होतात, ती घट्ट मिटत नाही. पुढे ढकललेल्या रक्तातलं थोडं उलटं मागे येतं, तोच हा आवाज. डॉक्टर त्याला मर्मर म्हणतात. तो ऐकू यायला लागल्यावरही कुत्रं कित्येक वर्षं खातंपितं, खेळतं. पण या काळात हृदय ताणत मोठं होत असतं, आणि ते किती मोठं झालंय हे एक्सरे आणि टू-डी एको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीमधेच दिसतं. हृदय मोठं झालंय पण त्रास अजून सुरू नाही, अशा टप्प्यावर पिमोबेन्डान हे औषध दिलं तर हृदय निकामी होण्याची वेळ सरासरी सुमारे १५ महिने पुढे जाते, हे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं. लहान कुत्र्याच्या आयुष्यात पंधरा महिने फार मोठे असतात.

त्या गुरुवारी काकूंनी रात्री अकराला डॉक्टरांना फोन केला. एक्सरे, ऑक्सिजन, लघवीच्या गोळीचा डोस वाढवला. पुढच्या सोमवारच्या चौकटीत २६ आहे.

(दृश्य : औंधच्या सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाबाहेर सकाळची रांग. गाई, शेळ्या, आणि मांडीवर टॉवेलात गुंडाळलेली लहान कुत्री.)

हे चित्रीकरण आम्ही पावसाळाभर केलं. वेगवेगळ्या दवाखान्यांत बसलो. सगळीकडे एक वाक्य ऐकलं. खोकतंय? वय झालं. खात नाही? वय झालं. जिना चढताना थांबतं, तोंडाला वास येतो, भिंतीकडे बघत उभं राहतं? वय झालंय हो आता. हे वाक्य प्रेमानंच म्हटलं जातं. पण ते म्हटलं, की पुढचं बघणं थांबतं. मोठ्या जातींचं कुत्रं आठ-दहा वर्षांतच थकतं. लहान जातीचं तेरा, चौदा, पंधरा वर्षं जगतं. म्हणजे त्याचं म्हातारपण चार-पाच वर्षांचं, आयुष्याचा जवळपास तिसरा हिस्सा. एवढा काळ एका वाक्यात उरकायचा कसा?

(दृश्य : टफी, टेबलावर. मागे आजोबा, हातात पिशवी.)

हा टफी. वय अकरा, वजन तीन किलो. वर्षभर शिंकतोय. जेवला की जास्तच. आधी धुळीची अॅलर्जी समजून औषधं झाली, मग उदबत्ती बंद झाली. तोंडाला वास होता, पण कुत्र्याच्या तोंडाला वास असायचाच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं.

डॉक्टर ओठ वर करतात.

(दृश्य : जवळून घेतलेला शॉट. दात दिसत नाहीत, फक्त तपकिरी किटण.)

चाळीस किलोच्या कुत्र्याला बेचाळीस दात असतात. तीन किलोच्या टफीलाही बेचाळीसच. जबडा मात्र आगपेटीएवढा. दात एकमेकांना खेटून, वाकडे उगवतात, मधल्या फटींत अन्न अडकतं. त्यावर चिकट थर बसतो आणि काही दिवसांत लाळेतल्या क्षारांनी त्याचं दगडासारखं किटण होतं. किटण हिरडीखाली उतरतं, तिथे पू होतो, दाताभोवतालचं हाड झिजत जातं. वरच्या सुळ्याचं मूळ नाकाच्या पोकळीला लागून असतं, मधे पातळ हाडाचा पापुद्रा. टफीच्या बाबतीत तो पापुद्रा गेला होता. तोंडातून नाकात भोक पडलं होतं, आणि खाल्लेलं, प्यालेलं वर जात होतं. म्हणून शिंका.

आजोबांनी दोन वर्षं स्केलिंग, म्हणजे दातांवरचं किटण काढणं, टाळलं होतं, कारण भूल द्यावी लागते. "या वयात भूल नको हो," हे त्यांनी आमच्यासमोरही म्हटलं. डॉक्टर त्यांच्या नातीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "आजोबा, वयाला घाबरू नका. रक्त बघू, किडनी-लिव्हर बघू, हृदय बघू. ते ठीक असेल तरच देऊ, नसेल तर मी स्वतःच नाही म्हणेन."

(दृश्य : शस्त्रक्रियेची खोली. हा भाग सलग दाखवावा.)

पायावरचे केस काढून शीर शोधली. सलाईन सुरू. इंजेक्शनानं टफी डॉक्टरांच्या हातावरच निजला. आता श्वासनळीत नळी. तिच्या टोकाशी एक छोटा फुगा असतो, तो फुगवला की तोंडातलं पाणी, किटणाचा चुरा फुप्फुसात जात नाही. जिभेला चिमटा, त्यातून ऑक्सिजनचा आकडा. तीन किलोचं शरीर भुलेत भराभर गार पडतं, म्हणून खाली गरम गादी आणि पंज्यांना लोकरी मोजे. मोजे आजींनी विणून पाठवलेत.

मग एकेका दाताचा एक्सरे. बारीक खुणांची सळई प्रत्येक दाताभोवती हिरडीत घालून खोली मोजली जाते आणि सहायक आकडे लिहून घेतो. दोन मिलिमीटर, दोन, तीन, सात. सात म्हटल्यावर डॉक्टर थांबतात, पुन्हा मोजतात. खालच्या मोठ्या दाढेचं मूळ एवढ्याशा जबड्यात पार खालच्या कडेपर्यंत पोचलेलं असतं; तिथलं हाड कुजलं असेल तर दात काढताना जबडाच मोडू शकतो. म्हणून दाढ अख्खी ओढत नाहीत. मधोमध कापून दोन तुकडे करतात, एकेक मूळ सैल करतात. एका दाढेला चाळीस मिनिटं लागली. नाकाकडचं भोक हिरडीचाच पदर ओढून, विरघळणाऱ्या टाक्यांनी शिवलं.

भूल न देता दात खरवडून देणारे लोक आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका. वरचा पांढरा भाग चकचकीत दिसतो, हिरडीखालचा पू तसाच राहतो, आणि कुत्र्याचं दुखणं चालूच राहतं.

नऊ दात काढले. टफी आता मऊ जेवतो, शिंकत नाही.

(दृश्य : ट्रेमधले नऊ दात. नंतर आजोबा, कुत्र्यांची पेस्ट बोटावर घेऊन घासायला शिकताना.)

पेस्ट कुत्र्यांसाठीचीच हवी. माणसांच्या पेस्टमधे फ्लोराइड असतं, काहींत झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ, आणि कुत्र्याला झायलिटॉल विषासारखं आहे. शिऱ्यातल्या बेदाण्यांचंही तसंच. त्यांनी किडनी जाऊ शकते. कांदा-लसणानं रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. माणसांची आयबुप्रोफेनची गोळी तर अर्धीसुद्धा देऊ नये. आणि तूप लावलेली पोळी? चार किलोच्या म्हाताऱ्या कुत्र्याला दिवसाला साधारण अडीचशे कॅलरी पुरतात. एका पोळीत त्यातल्या निम्म्या संपू शकतात, आणि वाढलेलं वजन गुडघ्याच्या वाटीवर येतं, जी लहान जातींत बऱ्याचदा आधीच जागेवरून सरकत असते.

(दृश्य : रविवार पेठ, बोहरी आळी. हार्डवेअरचं दुकान. पीव्हीसी पाइप, कोपरे, चाकं.)

अर्ध्या इंचाचा पाइप, सहा कोपरे, दोन टी, दोन चाकं. हे सामान ब्रुनोच्या गाडीसाठी. ब्रुनो आठ वर्षांचा डॅशहंड. ज्या जनुकीय बदलामुळे डॅशहंडचे पाय आखूड राहतात, त्यानंच त्याच्या मणक्यांमधल्या गाद्या लहान वयात वाळतात. सोफ्यावरून मारलेल्या एका उडीत अशी गादी फुटून मज्जारज्जूवर दाबली जाऊ शकते. दुपारी ब्रुनोचे मागचे पाय लटपटले, रात्री "सकाळी बघू" असं ठरलं, आणि पाय परत आले नाहीत.

ब्रुनोच्या घरच्या दादानं आधी पुठ्ठ्यावर माप काढलं. जमिनीपासून पोटापर्यंतची उंची, कमरेची रुंदी. पहिली गाडी जड झाली. दुसरीत पट्टा जांघेत घासून जखम झाली, म्हणून तिथे आईच्या जुन्या साडीची घडी शिवली. ही तिसरी.

(दृश्य : पार्किंगमधे ब्रुनो, गाडीसह. निवेदन नाही. फरशीवर चाकांचा आवाज.)

(दृश्य : रिकामी इमारत, खिडक्या काढलेल्या. पुनर्विकासाचा फलक. नंतर भाड्याचा फ्लॅट.)

कोथरूडभर तळमजला अधिक तीन अशा, लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारती पाडल्या जातायत. लाडूचं घर त्यातलंच. लाडू शिट्झू, चौदा वर्षांची, मोतीबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. जुन्या घरात तिला अडत नव्हतं, सगळी वाट पायात होती. नव्या जागेत पहिले आठ दिवस ती दाराच्या मागे शिरायची आणि तिथेच उभी राहायची. मागे कसं यायचं, ते कळायचं नाही. दिवसा झोप, रात्री तीनला रडणं. याला वेड लागणं म्हणू नका. म्हाताऱ्या माणसांत स्मृतिभ्रंश होतो, तसाच कुत्र्यांतही होतो, आणि दुखणं, रक्तदाब, किडनी हे तपासून मगच त्याचं निदान होतं.

घरच्यांनी तिला पायांनी वाचायला नकाशा दिला. स्वयंपाकघराच्या दारात काथ्याचं पायपुसणं. बाल्कनीपाशी खडबडीत रबर. पाण्याच्या भांड्याखाली जुन्या घरातली गोधडी, न धुतलेली. रात्री पॅसेजमधे एक दिवा.

(दृश्य : लाडू पॅसेजमधून येते. काथ्यावर थांबते. वळते.)

(दृश्य : म्हात्रे पुलावरून नदीपात्र, संध्याकाळ. ढोलपथकांचा सराव. नंतर काकूंचं घर, बंद खिडक्या.)

गणपती तोंडावर आलेत. काकूंच्या घराजवळच्या मैदानावरही सराव असतो. ढोल सुरू झाले की चिंगी मोरीत जाऊन बसते, थरथरते, जीभ बाहेर. या वेळी मोजलेला आकडा धरायचा नाही, जागेपणीचा श्वास वेगळा असतो. काकू मोरीच्या उंबऱ्यावर पाट घेऊन बसतात. "चिंगे, थांबेल हं आता, थांबेल."

ढोल दहाला थांबले. चिंगी चटईवर आली, दोनदा गोल फिरली, बसली. झोप लागायला सव्वाअकरा झाले. काकूंनी ट्यूब बंद केली, मोबाइलचा उजेड घड्याळावर धरला.

(दृश्य : काळोख. बरगड्या. सेकंदकाटा. तीस सेकंद.)

(दृश्य : कालनिर्णय. लाल पेन.)

२८.