फॉरवर्ड आलेला जीआर खरा की खोटा? कायद्याचा मूळ मजकूर शोधायचा कसा

नमस्कार मंडळी.

ग्रुपवर एक पीडीएफ येते. वर राजमुद्रा, खाली सही आणि सोबत एक ओळ : "आजपासून नवा नियम लागू, सगळ्यांना पाठवा." ती वाचून कुणी अर्ज करायचा थांबतो, कुणी एजंटला पैसे देऊन बसतो. मूळ कागद मात्र कुणीच उघडलेला नसतो. तो सरकारी साइटवर फुकट असतो, म्हणून मला याचं फार वाईट वाटतं.

तर आधी जीआर, म्हणजे शासन निर्णय. महाराष्ट्र शासनाच्या जीआरच्या शेवटच्या परिच्छेदात एक लांबलचक संकेतांक छापलेला असतो. [स्क्रीनवर : शेवटचं पान, संकेतांकावर खूण] तो शासनाच्या शासन निर्णयांच्या साइटवर टाका. जीआर उघडला, तर तुमच्या पीडीएफशी ओळ न् ओळ ताडून बघा. नाही उघडला, तर विभागाचं नाव आणि तारीख टाकून शोधा. तरीही सापडत नसेल, तर त्या पीडीएफवर विसंबून कुठलाही निर्णय घेऊ नका.

जीआर खरा निघाला, तरी तिथे थांबू नका. सुरुवातीला "वाचा" असं लिहून जुन्या निर्णयांची यादी दिलेली असते. ती बहुतेक लोक सोडून देतात. माझ्या मते सगळ्यात कामाची जागा तीच, कारण विषय कुठून सुरू झाला ते तिथे कळतं. मग त्याच विषयावर नंतर काही निघालंय का, ते शोधा. शुद्धिपत्रक असेल, नाहीतर "अधिक्रमित करण्यात येत आहे", म्हणजे जुन्याच्या जागी हा आला, असं म्हणणारा नवा निर्णय असेल. तसं असेल, तर तुमच्या हातातला खरा जीआर आज उपयोगाचा नाही.

आणि शासन निर्णय कायद्याच्या वर जाऊ शकत नाही. आधी कायदा, कायद्याखाली नियम, मग शासन निर्णय आणि परिपत्रकं. म्हणून कुणी जीआर दाखवला, की विचारा : हा कुठल्या कायद्याखाली?

तो कायदा मिळतो 'इंडिया कोड' या सरकारी साइटवर. केंद्राचे कायदे आहेत, राज्यांचेही आहेत. कलमाच्या तळटिपा जरूर वाचा. कुठल्या दुरुस्तीने कुठला शब्द बदलला, ते तिथे असतं. अंमलाची तारीखही बघा. वेतन संहिता संसदेने २०१९ मध्ये संमत केली आणि तिची बहुतेक कलमं लागू झाली २०२५ च्या नोव्हेंबरात. मधली सगळी वर्षं ही कलमं कागदावर होती, पण लागू नव्हती. कलमं कधी लागू होणार, याची अधिसूचना राजपत्रात, म्हणजे सरकारी गॅझेटमध्ये येते. केंद्राचं आणि महाराष्ट्राचं, दोन्ही राजपत्रं ऑनलाइन आहेत.

जुनं पाठांतर किती घात करतं बघा. ३०२ म्हटलं की आपल्याला खून आठवतो. ते जुन्या भारतीय दंडसंहितेतलं कलम. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. या नव्या संहितेत खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे, आणि ३०२ आहे धार्मिक भावना दुखावणाऱ्या शब्दांबद्दल. पण गुन्हा त्या तारखेआधीचा असेल, तर जुनी दंडसंहिताच लागते. म्हणजे कलम क्रमांकाइतकीच घटनेची तारीख महत्त्वाची.

आणि इथेच ग्रंथालय लागतं. साइटवर बहुतेक वेळा आजचा मजकूर असतो. तुमचा जमिनीचा वाद १९७२ च्या व्यवहारावरून असेल, तर त्या दिवशी कलम कसं होतं ते हवं. त्यासाठी कायद्यांच्या जुन्या आवृत्त्या, राजपत्रांचे बांधीव खंड आणि निकालपत्रिका, म्हणजे न्यायालयांचे निकाल छापणारे खंड, लागतात. विधी महाविद्यालय, विद्यापीठ किंवा वकील संघाचं ग्रंथालय गाठा. बाहेरच्यांना प्रवेश मिळतो का, ते आधी फोन करून विचारा. मुंबईच्या टाउन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालयही लक्षात ठेवा. १९५४ च्या कायद्यानुसार देशातल्या प्रकाशकांना ज्या ग्रंथालयांकडे पुस्तकाची प्रत पाठवावी लागते, त्यांतलं ते एक. ग्रंथपाल कायदेशीर सल्ला देणार नाहीत, ते त्यांचं काम नाही. पण विषय, विभाग आणि साधारण साल सांगितलंत, तर कुठला खंड काढायचा हे त्यांच्याइतकं चटकन कुणी सांगत नाही.

निकालांचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाच्या अधिकृत निकालपत्रिका १९५० पासूनच्या ऑनलाइन मोफत आहेत, काही निकाल मराठीतही. स्वतःच्या केसची तारीख बघायची असेल, तर ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या सरकारी साइटवर १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा स्वतंत्र क्रमांक, टाका. चॅटबॉटने एखादा निकाल सांगितला, तर तो अधिकृत साइटवर उघडून बघितल्याशिवाय वापरू नका. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयाने चॅटबॉटने रचलेले खोटे निकाल सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड केला होता.

एवढं करूनही कागद मिळाला नाही, तर माहितीचा अधिकार आहे, २००५ चा कायदा. राज्याच्या किंवा केंद्राच्या आरटीआय साइटवरून अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात "असं का केलं?" विचारू नका, कागद मागा : "अमुक विषयावरच्या, अमुक तारखेच्या आदेशाची प्रत द्यावी." मजकूर हाती आला आणि त्याचा तुमच्या प्रकरणात अर्थ काय हे कळेना, तर १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक लावा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, कोठडीत असलेले आणि ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेले, या सगळ्यांना मोफत वकील मागता येतो. वकिलाकडे जाताना त्या मजकुराची छापील प्रत सोबत न्या.