गाव मांडवा, दोनदा

नमस्कार मंडळी. कार्यकारिणीने मला जेवणाआधीची दहा मिनिटं दिली आहेत. मसालेभाताचा वास इथवर येतोय, त्यामुळे पाल्हाळ लावत नाही.

विषय आहे दोन ‘अग्निपथ’. एक मुकुल आनंद यांचा १९९०चा, दुसरा करण मल्होत्रा यांचा २०१२चा. दोन्हींचा नायक विजय अलिबागजवळच्या मांडव्याचा, आणि माझं आजोळ त्याच भागातल्या थळचं. ‘मी काय अलिबागहून आलोय का?’ असं कुणी विचारलं की मी आयुष्यभर ‘तू नाही, मी आलोय’ म्हणत आलो. तेव्हा मांडव्याचा विषय निघाला की मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

पहिला ‘अग्निपथ’ मी थिएटरात पाहिला. अमिताभने तोंड उघडलं आणि मागून आरडाओरडा सुरू झाला, ‘ए, आवाज नीट कर!’ घशात खडी भरल्यासारखा तो आवाज मुद्दाम लावलेला होता, पण लोकांना वाटलं थिएटरचे स्पीकर फाटलेत. शेवटी निर्मात्यांना त्याच्या नेहमीच्या आवाजात पुन्हा डबिंग करून घ्यावं लागलं. चित्रपट तिकीटबारीवर पडला, आणि त्याच भूमिकेसाठी अमिताभला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता तो प्रसंग आठवा. समोर कमिशनर गायतोंडे, म्हणजे आपले विक्रम गोखले. अमिताभचा विजय स्वतःचं पूर्ण नाव सांगतो, मग बापाचं, आईचं, गावाचं, आणि वय तर थेट चालू तासापर्यंत. हिंदी पडद्यावरचा विजय तोवर नुसता विजय असायचा. फार तर विजय खन्ना, विजय वर्मा. हा मात्र विजय दीनानाथ चौहान. आपल्याकडे शाळेच्या हजेरीपटापासून सातबाऱ्यापर्यंत मधे बापाचं नाव असतंच, इथे परदेशात आल्यावर त्याचं एक अक्षर उरतं आणि पुढे एक टिंब. ज्याच्या बापाला बदनाम करून गावानेच मारलं, तो पोरगा ते मधलं नाव भेटेल त्याच्या तोंडावर फेकतो. माझ्या मते त्याचा सगळा सूड त्या एका नावात आहे. (चव्हाणांचे ‘चौहान’ झाले, ते सोडून देऊ.)

२०१२चा हृतिक हेच नाव घेतो, पण त्याचा विजय मुळात अबोल. तो डोळ्यांनी बोलतो, आणि चांगलं बोलतो. जखम दाखवण्याची जबाबदारी मग दिग्दर्शकाने उचलली आहे. विजयच्या बापाला, म्हणजे मास्तरांना, वडाला फाशी, पाऊस, चिखल, आक्रोश. पाहताना पोटात खड्डा पडतो हे कबूल. फक्त पहिल्यात जे एका वाक्यात कळायचं, त्याला इथे अर्धा गाव कामाला लागतो.

खलनायक कांचाचंही तसंच. संजय दत्तचा कांचा टक्कल, भुवया नाहीत, तोंडात गीता. पोरं घाबरतात. डॅनीचा कांचा सूट घालून शांतपणे व्यवहाराचं बोलतो. असा माणूस विमानतळावर शेजारच्या खुर्चीत बसलेला असू शकतो, म्हणून मला भीती त्याची जास्त वाटते. ऋषी कपूरचा रौफ लाला मात्र नव्याची खरी कमाई. गोड चेहऱ्याच्या त्या माणसाने पोरींचा बाजार मांडलेला पाहून माझी बायको म्हणाली, ‘याची जुनी गाणी आता कशी बघायची?’

नव्याने गमावलं काय? कृष्णन अय्यर, एम.ए.! मिथुनचा तो नारळपाणीवाला. पदवी घेऊन मुंबईत शहाळी सोलणारा, लुंगी सावरत गुंडांशी भिडणारा. तो गेला आणि चित्रपटातलं हसू गेलं. रोहिणी हट्टंगडींची आईही मला जास्त लक्षात राहिली. वयाने त्या अमिताभपेक्षा लहान, पण पडद्यावर त्यांच्या नजरेपुढे तो खरंच पोर वाटतो.

मराठीपणाचा हिशोब केला तर मात्र गंमत होते. नव्यातलं मांडवा उभं केलं दीवला. आमच्या मांडव्याला लाँच लागते, तिथे कांचाचा पत्ता विचारला तर भाजलेलं मक्याचं कणीस मिळेल. पण संगीत अजय-अतुल यांचं! ‘कोंबडी पळाली’ची ‘चिकनी चमेली’ झाली, आणि ‘देवा श्री गणेशा’ला अजयचा आवाज असा लागला की गेली काही वर्षं आपल्या मिरवणुकीत त्याशिवाय कुणी पाऊल उचलत नाही. जुन्यात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं ‘गणपती अपने गाँव चले’ होतं, सुदेश भोसले यांच्या आवाजातलं. तेही विसर्जनाचंच, पण त्यात निरोप आहे. नव्यात रणदुंदुभी.

दोन्ही गाणी मी आपल्या साउंडवाल्याला देऊन ठेवली आहेत. पंगत बसताना आधी जुनं लाव, असं त्याला बजावलंय. आणि आवाज फाटका आला तर कृपा करून मागून ओरडू नका. या वेळी खरोखर आपलेच स्पीकर फाटलेत.