फाशीनंतरची कैद: नेड केलीची कबर

नेड केली या ऑस्ट्रेलियन दरोडेखोराला 11 नोव्हेंबर 1880 रोजी मेलबर्नच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. मृतदेह आप्तमित्रांच्या हवाली करावा, म्हणजे त्यांना तो पवित्र भूमीत पुरता येईल, अशी विनंती त्याने आदल्या दिवशी गव्हर्नरकडे केली होती. ती मान्य झाली नाही.

यात वेगळे असे काही नव्हते. इंग्लंडमध्ये 1752 च्या कायद्याने खुन्यांचे देह शवविच्छेदनासाठी शल्यवैद्यांच्या ताब्यात जात किंवा साखळदंडांनी टांगले जात. विच्छेदनाची ही प्रथा 1832 मध्ये संपली आणि 1868 पासून फाशीही तुरुंगाच्या आत आणि दफनही आतच, असा नियम झाला. तेव्हा ब्रिटिश वसाहतीत असलेल्या मेलबर्नमध्येही केलीला तुरुंगाच्या आवारातच पुरण्यात आले. अशा मृतदेहांवर कळीचा चुना टाकत, कारण त्याने देह लवकर नाहीसा होतो, अशी समजूत होती. हाडे मात्र टिकली.

1924 मध्ये तुरुंग बंद झाला आणि 1929 मध्ये नव्या बांधकामासाठी खोदकाम सुरू होताच कबरी उघड्या पडल्या. तेव्हा जमलेल्या बघ्यांनी, त्यांत विद्यार्थीही होते, आठवण म्हणून हाडे उचलून नेली. हे कृत्य सरकारी हेळसांडीपेक्षाही अधिक लाजिरवाणे म्हणावे लागेल. उरलेले अवशेष पेंट्रिज तुरुंगात नेऊन पुन्हा पुरण्यात आले, म्हणजे मेल्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी केलीचा तुरुंग तेवढा बदलला.

केलीची म्हणून जुन्या तुरुंगाच्या संग्रहालयात मांडलेली एक कवटी 1978 मध्ये चोरीला गेली आणि 2009 मध्ये परत मिळाली. पण ती त्याची नव्हतीच, असे डीएनए चाचणीत निष्पन्न झाले. उलट, पेंट्रिजमध्ये सापडलेल्या एका पेटीतील जवळजवळ पूर्ण सांगाडा त्याच्या बहिणीच्या वंशजाशी जुळला, आणि ग्लेनरोवन येथे पोलिसांशी झालेल्या चकमकीत लागलेल्या गोळ्यांच्या खुणाही त्या हाडांवर आढळल्या. 2011 मध्ये हा निष्कर्ष जाहीर झाला.

अखेर 2013 च्या जानेवारीत वँगरॅटाच्या चर्चमध्ये प्रार्थना झाली आणि ग्रेटाच्या दफनभूमीत, जिथे त्याची आई एलन हिलाही पुरलेले आहे, तिथे कुटुंबीयांनी त्याला मूठमाती दिली. कबरीवर नाव घातले नाही आणि पुन्हा कोणी ती उकरू नये म्हणून वर काँक्रीट ओतण्यात आले. कवटीचा मात्र मागचा लहानसा तुकडाच त्या सांगाड्यासोबत सापडला होता.